ताब्याची तारीख

1963 साली महाराष्ट्र सरकारने मालकी हक्काच्या सदनिकांसाठी कायदा केला. ‘मोफा’ या नावाने तो आजही ओळखला जातो. राज्यात घरांची तीव्र टंचाई आहे आणि तिच्यामुळे फ्लॅटच्या बांधकामात, विक्रीत आणि हस्तांतरणात गैरप्रकार वाढत चालले आहेत, हे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद केलेले आहे. बिल्डरने करार करून तो नोंदवावा, ताब्याची तारीख लेखी द्यावी, ग्राहकांचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि तारीख पाळता आली नाही तर ते व्याजासह परत करावेत, या तरतुदी त्यात होत्या. 2016 साली संसदेने स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, संमत केला तेव्हा त्याचा गाभाही बऱ्याच अंशी हाच होता. मधल्या 53 वर्षांत दोन पिढ्यांनी आपले पहिले घर बुक केले आणि त्यातल्या असंख्य लोकांनी ताब्याची तारीख पुढे सरकताना पाहिली.

तेव्हा पहिले घर घेणाऱ्याची परवड कायदा नसल्यामुळे होते, असे म्हणायला जागा नाही. घर उशिरा मिळाले तर त्या उशिराची किंमत कोण मोजतो, हा मला यातला खरा प्रश्न वाटतो. परवानगी देणारे कार्यालय, बिल्डर, त्याला पैसा पुरवणारी वित्तसंस्था, ग्राहकाला कर्ज देणारी बँक आणि तक्रार ऐकणारे प्राधिकरण, या सगळ्यांना उशीर परवडतो. ज्याचे आधीच एक घर आहे आणि दुसरे गुंतवणूक म्हणून घेतले आहे, त्यालाही तो एकवेळ परवडतो. भाड्याच्या घरात राहून पहिल्या घराचे हप्ते भरणाऱ्याला मात्र प्रत्येक महिना दुहेरी पडतो. या साखळीची एकेक कडी तपासली तर हेच पुन्हा पुन्हा दिसते.

आधी घाई कुठून येते ते पाहू. मुंबईत कामगाराने किंवा कारकुनाने घर विकत घ्यायचे, ही गोष्ट तशी जुनी नाही. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवेच होते, त्यामुळे हेतूला नावे ठेवता येणार नाहीत. पण तेवढ्या भाड्यावर नव्या चाळी बांधायला कुणी पुढे येईना, जुन्या चाळींची डागडुजी रखडली आणि खोली बदलायची तर पागडी मोजावी लागू लागली. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरांतली मोकळी जमीन बाजारात येण्याऐवजी खटल्यांत अडकली; महाराष्ट्राने तो 2007 मध्ये रद्द केला. परवडणाऱ्या भाड्यात वर्षानुवर्षे निश्चिंत राहता येईल असे घर मिळण्याची वाट अशी अरुंद होत गेली. आजचा भाडेकरू अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. करार संपत आला की मालक भाडे वाढवणार की घर रिकामे करायला सांगणार, हे त्याला ठाऊक नसते. मुलांची शाळा, आईवडिलांचे डॉक्टर, कामावर जाण्याची लोकल, सगळे त्या उत्तरावर अवलंबून. पहिल्या घराची ओढ या अस्थिरतेतून येते आणि म्हणूनच समोर ठेवलेल्या कागदावर तो लवकर सही करतो.

आता पैशांकडे येऊ. पुण्यात बांधकाम चालू असलेला 50 लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे, असे धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतचे कर्ज घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांचे 80 टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे 75 टक्क्यांपर्यंत देता येते. म्हणजे इथे कर्ज फार तर 40 लाख. दहा लाख पदरचे. मुद्रांक शुल्क, त्यावरचा स्थानिक संस्था आणि मेट्रोचा अधिभार मिळून 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणीचे 30 हजार. मुद्रांक आणि नोंदणीचा हा खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरता येत नाही, तो रोखच उभा करावा लागतो. त्यावर 5 टक्के जीएसटी, अडीच लाख. बेरीज 16 लाखांच्या पुढे जाते आणि त्यात वकिलाची फी, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीच्या नावाने घेतली जाणारी अनामत काहीच धरलेले नाही. 45 लाखांपर्यंतच्या आणि महानगरात 60 चौरस मीटरपर्यंतच्या घरांना जीएसटी 1 टक्काच आहे. पण ही 45 लाखांची मर्यादा 2019 साली ठरली. तेव्हाही मुंबई महानगराच्या मोठ्या भागात ती अपुरी होती. घर बाईच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ज्या कुटुंबांना ते शक्य आहे त्यांनी ती जरूर घ्यावी.

हे पैसे जमवण्यात पाच-सात वर्षे जातात. भविष्य निर्वाह निधीतून उचल, आईचे दागिने, गावच्या जमिनीतला वाटा, भावाकडून हातउसने असे करत डाउन पेमेंट उभे राहते. पहिल्या घराच्या दिरंगाईविषयी बोलताना हा काळ सहसा मोजलाच जात नाही, कारण तो कुठल्याच कागदावर नसतो. पण बिल्डरकडे जाणारा पैसा हा असा, घरातल्या प्रत्येकाने काहीतरी मागे सारून जमवलेला असतो. तो दोन वर्षे अडकून पडला म्हणजे काय होते, ते याच घरांत समजते.

क्षेत्रफळाच्या घोळाचे तपशील आता फारसे द्यायला नकोत. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप यांच्या आकड्यांत लोक वर्षानुवर्षे फसले. आता विक्री कार्पेट क्षेत्रफळावरच व्हायला हवी आणि रेराने कार्पेटची व्याख्याही बांधून दिली आहे. इथे कायद्याने खरोखर फरक पडला. बुकिंगच्या टप्प्यावरही पडला आहे. नोंदणीकृत कराराशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, नमुना वाटपपत्रानुसार 15 दिवसांच्या आत बुकिंग रद्द केले तर काहीही कापता येत नाही आणि दोन महिन्यांनंतर रद्द केले तरी कपात किमतीच्या 2 टक्क्यांवर जात नाही. टोकन म्हणून लाखभर रुपये घेऊन ‘ते परत मिळत नाहीत’ असे सांगणाऱ्या सेल्स ऑफिसात हा नियम दाखवायला हवा. बहुतेकांना तो माहीतच नसतो.

करारावर सही झाली की पैसे देण्याचे वेळापत्रक सुरू होते. माझ्या मते साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली या वेळापत्रकात आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. महाराष्ट्राच्या नियमांतील नमुना करारानुसार बिल्डरला करारानंतर एकूण किमतीच्या 30 टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाले की 45 टक्क्यांपर्यंत आणि सर्व स्लॅब पडले की 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. मग भिंती, गिलावा, फरशी यांनंतर 75, प्लंबिंग, लिफ्ट वगैरे टप्प्यांनी 95 आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा देताना उरलेले 5 टक्के. याचा अर्थ असा की इमारत जमिनीच्या वर उठलेली नसताना जवळपास निम्मी किंमत देऊन झालेली असते. आरसीसीचा सांगाडा उभा राहिला की 70 टक्के गेलेले असतात आणि रखडपट्टी बहुतेकदा तिथूनच पुढे सुरू होते. सांगाडा झटपट उभा राहतो, कारण त्यावर पैसे येतात. लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, मलनिःसारण, पाण्याची जोडणी, भोगवटा ही शेवटची किचकट कामे मागे राहतात, कारण त्यांवर फारसे पैसे उरलेलेच नसतात. उपनगरी लोकलमधून दिसणाऱ्या, खिडक्या न बसवलेल्या कित्येक सांगाड्यांमागे हा हिशेब असतो.

ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेत आणि ते फक्त जमीन व बांधकामावरच खर्च करावेत, ही रेराची सर्वांत महत्त्वाची तरतूद. 2024 च्या जुलैपासून महारेराने प्रत्येक प्रकल्पाला तीन स्वतंत्र खाती सक्तीची केली, हेही चांगले झाले. पण या खात्यातून पैसे काढताना काम किती झाले ते प्रमाणित करणारे अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल बिल्डरनेच नेमलेले असतात. ज्याच्याकडून फी मिळते त्याच्याविरुद्ध दाखला द्यायला फार थोडे लोक तयार होतात. हे दाखले देणारी माणसे प्राधिकरणाने आपल्या यादीतून आळीपाळीने नेमली पाहिजेत. त्याला मोठा खर्च नाही.

उशिराचा खर्च आता मांडून पाहू. मघाचाच 50 लाखांचा फ्लॅट. स्लॅब पूर्ण झाले, 35 लाख गेले. त्यांत 10 लाख स्वतःचे आणि 25 लाख बँकेचे. काम तिथे दोन वर्षे थांबले. साडेआठ टक्के दराने 25 लाखांवर दोन वर्षांचे व्याज सव्वाचार लाख होते. याला प्री-ईएमआय म्हणतात. त्यातून मुद्दल एक रुपयानेही फिटत नाही. भाडे महिना 20 हजार धरले तर दोन वर्षांचे 4 लाख 80 हजार. नऊ लाखांचा खड्डा. त्यात प्राप्तिकराची एक फारशी माहीत नसलेली अट आहे. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांची वजावट मिळते, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले तरच. नाहीतर ती 30 हजारांवर येते. बिल्डर उशीर करतो आणि करसवलत ग्राहकाची जाते! ही अट ज्या प्रकल्पात विलंब बिल्डरचा आहे तिथे तरी शिथिल व्हायला हवी. इतकी साधी दुरुस्ती अर्थसंकल्पामागून अर्थसंकल्प गेले तरी होत नाही.

पैशांत न मोजता येणारे नुकसान वेगळेच. जूनमध्ये ताबा मिळेल या भरवशावर मुलीला नव्या घराजवळच्या शाळेत घातले आणि ताबा पुढच्या दिवाळीवर गेला, की त्या मुलीचा रोज तासभराचा प्रवास सुरू होतो. लग्न ठरवताना ‘घर होईल वर्षभरात’ असे सांगितलेले असते. गावाहून आईवडिलांना आणायचे असते आणि त्यांच्या वयाला वर्षभराचा उशीर सोसत नाही. नुकसानभरपाईच्या कुठल्याही तक्त्यात यासाठी रकाना नाही.

ताब्याआधीच भराव्या लागणाऱ्या हप्त्यांची भीती घालवण्यासाठी ‘ताबा मिळेपर्यंत ईएमआय नाही’ अशा योजना आल्या. त्यांत ताब्यापर्यंतचे व्याज बिल्डर भरणार, असे सांगितले जाते. कर्ज मात्र ग्राहकाच्या नावावर असते आणि बँकेने रक्कम बांधकामाच्या पुढे धावून बिल्डरला दिलेली असते. बिल्डरने व्याज भरणे थांबवले की बँक ग्राहकाच्या दारात येते. 2013 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले की कर्जाचे वाटप बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच झाले पाहिजे. तरीही दिल्लीलगतच्या नोएडा-गुरुग्राम पट्ट्यात या योजनांनी हजारो कुटुंबे बुडाली आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर-बँक संगनमताची सीबीआय चौकशी लावावी लागली. अशी योजना कुणी समोर ठेवली तर कर्ज कुणाच्या नावावर आहे, एवढे एकच विचारावे.

उशीर होतो तरी कशामुळे? सगळा दोष बिल्डरच्या माथी मारणे सोपे आहे, पण खरे नाही. 2016 च्या फेब्रुवारीत देवनारच्या कचराभूमीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. कचऱ्याची विल्हेवाट लावण्यात महापालिका कमी पडली होती. ती बंदी सैल व्हायला 2018 चा मार्च उजाडला आणि तीही सर्वोच्च न्यायालयात. त्या दोन वर्षांचा भार बांधकाम क्षेत्राने उचलला आणि अखेरीस तो ग्राहकापर्यंत पोहोचला. कचरा न हटवणाऱ्या यंत्रणेला काहीच मोजावे लागले नाही. आयओडी आणि सीसी या महापालिकेच्या बांधकाम परवानग्या, अग्निशमन, विमानतळाजवळ उंचीची परवानगी, 20 हजार चौरस मीटरच्या वर पर्यावरण मंजुरी, झाडे तोडण्याची परवानगी, अशी एकामागून एक टेबले असतात आणि बहुतेक ठिकाणी एक मिळाल्याशिवाय दुसरी फाइल हलत नाही. शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावरची नावे, वारसांचे दावे, कुळांचे हक्क. पुनर्विकासाच्या प्रकल्पात विक्रीचे फ्लॅट घेणारा नवा ग्राहक तर जुन्या रहिवाशांच्या भांडणात आपोआप ओढला जातो, कारण त्यांची घरे झाल्याशिवाय त्याच्या घराला भोगवटा मिळत नाही.

पैशांचे कारण याहून मोठे. जमिनी विकत घेण्यासाठी एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्यात फिरवण्याची सवय या धंद्याला फार जुनी. नवीन बुकिंग येत होते तोवर ती खपली. 2016 अखेरीची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी आणि 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था बुडाल्यावर इतर वित्तसंस्थांनी आखडलेला हात, यांमुळे तो ओघ आटला आणि आधीच पोखरलेले प्रकल्प उघडे पडले. 2020 मध्ये कोरोना आला. महारेराने प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. मजूर गावी गेले होते, साइट बंद होत्या, त्यामुळे वाढ रास्तच होती. पण त्याच सहा महिन्यांत नोकरी गेलेल्या किंवा पगार कापलेल्या ग्राहकाला बँकेने हप्ता पुढे ढकलून दिला तरी त्यावरचे व्याज वाढतच राहिले. मुदत एकाला मिळाली आणि तिचे बिल दुसऱ्याच्या नावावर निघाले.

सरकार स्वतः घर देते तेव्हा तरी तारीख पाळली जाते का? म्हाडा आणि सिडको यांच्या घरांना माझा पाठिंबा आहे. सोडतीत नाव लागलेल्या अनेक कुटुंबांचे आयुष्य त्या घरांनी बदलले आहे. पण तिथली दिरंगाई पाहून वाईट वाटते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद झाल्या आणि गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळावीत हे नंतर धोरण झाले. दीड लाखांहून अधिक कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी अर्ज केले. घरे मिळालेले त्यांतले थोडेच. 2016 मध्ये पनवेलजवळ कोन इथल्या 2,417 घरांची सोडत निघाली. ही घरे बांधून झालेली होती. पुढे कोरोनाच्या काळात ती विलगीकरणासाठी घेतली गेली, मग त्यांची दुरुस्ती कुणी करायची यावर वेळ गेला आणि विजेत्यांना चाव्या मिळायला कित्येक वर्षे लागली. तोवर यादीतली कितीतरी मूळ नावे वारसांच्या नावांत बदललेली होती. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरे बांधून तयार असताना पाण्याअभावी दीर्घकाळ विकली गेली नाहीत. इमारत आधी आणि पाणी मागाहून, हा क्रम सरकारी यंत्रणेनेच ठेवावा, याचे समर्थन कसे करणार? अशा उशिराबद्दल सरकारी मंडळाकडून सोडतीतल्या विजेत्याला आपोआप व्याज मिळाले पाहिजे. खासगी बिल्डरला लावतो तोच नियम इथेही असावा.

घर मिळाले तरी ‘ताबा’ मिळाला असे होत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसताना ‘फिटआउटसाठी’ चाव्या देण्याची पद्धत सर्रास आहे. भाडे वाचेल म्हणून लोक राहायला जातात आणि मग पाणी टँकरचे, महापालिकेचे मिळालेच तर चढ्या दराने, आणि घर विकायचे झाले तर बँका मागे हटतात. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये ऐंशीच्या दशकात बेकायदा चढवलेल्या मजल्यांवर राहणाऱ्यांना 2013-14 मध्ये रस्त्यावर येण्याची वेळ आली, ती सगळ्या देशाने पाहिली. तिथले रहिवासी तरी बरे परिस्थितीतले होते. डोंबिवलीचे प्रकरण याहून जास्त अस्वस्थ करणारे आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून 65 इमारती उभ्या राहिल्या. त्या कागदांवर महारेराची नोंदणी मिळाली, त्या नोंदणीकडे पाहून बँकांनी कर्जे दिली आणि सामान्य नोकरदार कुटुंबांनी आयुष्यातले पहिले घर तिथे घेतले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडायचे आदेश दिले. या लोकांनी काय कमी केले होते? कागद पाहिले, रेरा क्रमांक पाहिला, बँकेने तपासले म्हणून विश्वास ठेवला. इथे दक्ष न राहिल्याबद्दल ग्राहकाला बोल लावणे अन्यायाचे आहे. ज्या कार्यालयांनी बनावट कागदांवर शिक्का मारला आणि ज्या बँकांनी तपासणीची फी घेऊन तपासले नाही, त्यांची जबाबदारी ठरलीच पाहिजे.

तक्रारीच्या वाटा आज बऱ्याच आहेत, हे मान्य केले पाहिजे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला नसता तर रेराही आला नसता. महारेरा 1 मे 2017 पासून कामाला लागले. आज त्याच्याकडे 50 हजारांहून अधिक प्रकल्पांची नोंद आहे. देशात इतकी कुठेच नाही. प्रकल्पाची मंजुरी, दाखले, त्यावरचे खटले घरबसल्या पाहता येतात. जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. ग्राहक आणि बिल्डर यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवणारा सलोखा मंच इथेच पहिल्यांदा उभा राहिला आणि त्यातून अनेक तंटे मिटले. बिल्डरांनी कायद्याला आव्हान दिले तेव्हा 2017 च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि नोंदणी करताना बिल्डरने नवी तारीख टाकली तरी विलंब जुन्या करारातल्या तारखेपासूनच मोजायचा, हेही स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितले की करारात तारीख नसेल तर तीन वर्षे हा रास्त काळ समजावा. एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असेही त्याने 2019 मध्ये ठरवले.

आणि तरीही हातात काय पडते? कलम 18 नुसार तारीख चुकल्यावर ग्राहक बाहेर पडून पैसे व्याजासह मागू शकतो, किंवा थांबून दर महिन्याचे व्याज घेऊ शकतो. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (निधीखर्चावर आधारित कर्जदरापेक्षा) 2 टक्के जास्त, म्हणजे सुमारे 11 टक्के. मघाच्या उदाहरणात 35 लाखांवर दोन वर्षांचे हे व्याज पावणेआठ लाखांच्या आसपास जाते. नऊ लाखांचे नुकसान कायद्याने जवळजवळ भरून निघते, कागदावर. त्यासाठी 5 हजार रुपये भरून तक्रार करायची, कायदा सांगतो त्या 60 दिवसांऐवजी वर्ष-वर्ष सुनावणीची वाट पाहायची, आदेश मिळाला की त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करायचा. मग वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथे महसुली थकबाकीसारखी वसुली तहसीलदाराने करायची असते. त्याच तहसीलदाराकडे निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे आणि दाखले असतात. आदेश झालेल्या रकमेपैकी वसूल झालेला भाग निम्म्याहूनही बराच कमी आहे. बिल्डर दिवाळखोरीत गेला तर ही वसुलीही थांबते. 2018 च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्यांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला, पण दिवाळखोरीचा अर्ज करायला आता 100 किंवा 10 टक्के ग्राहक एकत्र यावे लागतात.

केंद्राने 2019 मध्ये रखडलेल्या प्रकल्पांसाठी 25 हजार कोटींचा ‘स्वामी’ निधी उभारला. त्यातून पूर्ण झालेला पहिला प्रकल्प बोरिवलीचा होता. 2021 मध्ये तिथल्या लोकांना ताबा मिळाला. आजवरच्या उपायांत मला हा सर्वांत उपयोगी वाटतो, कारण तो निकालाच्या कागदाऐवजी घर देतो. 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 15 हजार कोटींचा दुसरा निधी जाहीर झाला, ही स्वागताची गोष्ट आहे. मात्र पुढे विक्रीतून पैसे सुटतील असेच प्रकल्प त्यात बसतात. बदलापूर, नेरळ, चाकण भागातल्या छोट्या रखडलेल्या इमारतींना तो पोहोचणे कठीण.

हे सगळे टाळायचे म्हणून जुना फ्लॅट घ्यावा तर तिथली दिरंगाई वेगळ्या जातीची. आधीच्या करारांची साखळी अपुरी असते, भागप्रमाणपत्र हरवलेले असते, 1980-90 च्या करारावर मुद्रांक कमी भरलेला असतो. त्यासाठी सरकारने 2023 च्या डिसेंबरपासून अभय योजना आणली, तिचा पुष्कळांना लाभ झाला. पण सोसायटीच्या नावावर जमीनच झालेली नाही, ही अडचण हजारो ठिकाणी उभी आहे. मोफानुसार संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर होणे, पूर्ण व्हायला हवे. ते होत नाही म्हणून मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तरी बँकेचा वकील त्यावर बोट ठेवतो आणि व्यवहार दोन-तीन महिने लांबतो. हे महिने त्रासाचे खरे, पण इथे घर डोळ्यांसमोर असते आणि पैसे ते हातात येतानाच द्यायचे असतात. म्हणून मला हा त्रास सोसण्यासारखा वाटतो.

सरकारला करता येण्याजोग्या गोष्टी फार नाहीत. जोत्यापर्यंत 45 टक्के ही मर्यादा 25 वर आणावी आणि भोगवट्यानंतरचा हिस्सा 5 वरून किमान 20 टक्के करावा. विलंबाचे व्याज तक्रारीची वाट न पाहता प्रकल्पाच्या खात्यातूनच दर महिन्याला ग्राहकाच्या कर्जखात्यात जमा व्हावे. महारेराला स्वतःची वसुली यंत्रणा द्यावी. आणि परवानगी मुदतीत न देणाऱ्या कार्यालयाच्या उशिराचीही नोंद प्रकल्पाच्या पानावर, तारखेसह, लोकांना दिसेल अशी असावी.

हे होईपर्यंत, भाडे भरत पहिले घर शोधणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: शक्य असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलेच घर घ्या, मग ते एका खोलीने लहान असो की दोन स्टेशने लांब. त्यावर जीएसटीही लागत नाही. बांधकाम चालू असलेले घ्यावेच लागले, तर बांधकाम परवानगी संबंधित महापालिकेत स्वतः जाऊन पडताळा, करारातली ताब्याची तारीख आणि महारेराच्या संकेतस्थळावरची तारीख शेजारी ठेवून पाहा, आणि भोगवटा हातात येईपर्यंत शेवटचा हप्ता कुणाच्याही आग्रहाने देऊ नका.